अकरा हजार सह्यांची पेटी
(एलन विल्किन्सन यांची हकीकत)

सही ही केवढीशी गोष्ट! कागदाच्या कोपऱ्यात चार अक्षरे. पण त्या चार अक्षरांत ताकदही असते आणि धोकाही असतो. दोन्ही समजून घेतले पाहिजेत. त्यासाठी या पाठात आम्ही इंग्लंडमधल्या एका बाईंची हकीकत सांगणार आहोत.

बाईंचे नाव एलन विल्किन्सन. गरीब घरात जन्मल्या आणि शिक्षणमंत्री झाल्या. उंची पाच फुटांपेक्षा कमी. केस तांबडे. विचारही तांबड्या बावट्याचे. म्हणून लोक त्यांना ‘लाल एलन’ म्हणत. आम्ही त्यांना एलनबाई म्हणू.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या बाईशी आपल्याला काय करायचे? पाठ शेवटपर्यंत वाचा. हप्त्याने घेतलेली वस्तू, सरकारदरबारी द्यायचा अर्ज, पोराला शाळेतून काढून कामाला लावायचा विचार, हे सगळे त्यात आहे. ते तर आपल्या घरातलेच आहे.

१. गिरणगावातली मुलगी

इंग्लंडात मँचेस्टर नावाचे शहर आहे. एके काळी तिथे कापडाच्या गिरण्याच गिरण्या होत्या. तिथले कापड बोटीने मुंबईस येई. आपल्या इथले विणकर त्याने बुडाले. पुढे त्याच परदेशी कापडाची लॉरी अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू हुतात्मा झाले. मँचेस्टरचे नाव आपल्या लोकांना ठाऊक झाले ते असे.

पण मँचेस्टरचे सगळे लोक काही गिरणीमालक नव्हते. गिरणीत राबणारे लोकही तिथेच राहत. एलनचे वडील आधी गिरणीत काम करीत. पुढे ते विमा कंपनीचे एजंट झाले. एलनचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा. घरात चार भावंडे.

सहाव्या वर्षी मुलगी शाळेत गेली आणि थोड्याच दिवसांत मोठ्या दुखण्याने आजारी पडली. दोन वर्षे घरीच राहिली. दुसरे मूल असते तर मागे पडले असते. एलनने मात्र त्या दोन वर्षांत घरच्या घरी वाचायला शिकून घेतले. परत शाळेत गेली ती भराभरा पुढे. अकराव्या वर्षापासून ती शिष्यवृत्त्या मिळवू लागली. शिष्यवृत्ती म्हणजे हुशार विद्यार्थ्याला शिकण्यासाठी मिळणारे पैसे. त्यांच्याच जोरावर ती पुढे शिकली. काही काळ अर्धा आठवडा स्वतः शिकायची आणि अर्धा आठवडा शाळेत मुलांना शिकवायची. १९१० मध्ये ती मँचेस्टरच्या विद्यापीठात गेली. इतिहास विषय घेऊन १९१३ मध्ये पदवीधर झाली.

आम्ही उभा जन्म मास्तरकी केली. एक गोष्ट आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. गरिबाचे हुशार पोर असते, पण शाळा पुढे चालू ठेवायला घरात पैसा नसतो. अशा वेळी कुठून थोडी मदत मिळाली तर त्या पोराचे आयुष्य बदलते. एलनबाईंचे तसेच झाले. मात्र आपण वर चढलो म्हणून त्यांनी शिडी ओढून घेतली नाही. इतरांसाठी ती धरून ठेवली. पुढची सगळी हकीकत त्याचीच आहे.

२. बायकांचे मत

त्या काळी इंग्लंडात बायकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हते. पार्लमेंट म्हणजे आपल्या लोकसभेसारखी, कायदे करणारी सभा. बाई घर चालवते, गिरणीत राबते, कर भरते. पण राज्य कोणी करावे हे सांगायचा हक्क तिला नाही! हा हक्क मिळावा म्हणून तिथल्या बायकांनी पुष्कळ वर्षे चळवळ केली. पदवी मिळाल्यावर एलनबाई याच चळवळीत काम करू लागल्या.

१९१८ मध्ये कायदा झाला. पण तो अर्धामुर्धा. पुरुषाला एकविसाव्या वर्षी मत आणि बाईला तिसाव्या वर्षी, आणि त्यातही घरादाराच्या अटी. पुढे १९२८ मध्ये दोघांचे वय सारखे झाले. तोवर एलनबाई स्वतः पार्लमेंटात गेल्या होत्या आणि या कायद्यासाठी तिथे बोलल्याही होत्या. आपल्याकडे १९५० साली राज्यघटना आली. तिने स्त्री-पुरुष सर्वांना एकदमच मत दिले. आपल्या आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे. जी गोष्ट तिकडे भांडून दोन टप्प्यांत मिळाली, ती आपल्या हातात आहे. तिचा वापर केला पाहिजे.

१९१५ पासून एलनबाईंनी कामगारांच्या संघटनेत नोकरी धरली. सहकारी दुकानांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी पगार मिळे. काम सारखे तर दाम सारखा, असे बाईंचे म्हणणे. गावोगाव हिंडायचे, सभा घ्यायच्या, मालकांशी बोलणी करायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले.

१९२४ मध्ये त्या मजूर पक्षाच्या तिकिटावर मिडल्सब्रो गावाहून पार्लमेंटात निवडून आल्या. सभेत ६१५ जागा. त्यांत बायका चार. आणि मजूर पक्षाच्या बाकांवर एकट्या एलनबाई! पण त्या गप्प बसल्या नाहीत. विधवांचे पेन्शन, खाणकामगारांचे हाल, बेकारांची उपासमार, प्रत्येक गोष्टीवर बोलल्या.

३. हिंदुस्थानात येऊन गेल्या

१९३१ च्या निवडणुकीत बाई पडल्या. पण पडल्या म्हणून घरी बसल्या नाहीत. १९३२ मध्ये त्या आपल्या देशात आल्या.

तेव्हा आपल्याकडे कायदेभंगाची चळवळ चालू होती. हजारो लोक तुरुंगात होते. इथे खरोखर काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहावे, म्हणून लंडनच्या इंडिया लीग या संस्थेने चार जणांना पाठवले. त्यांत एलनबाई होत्या. कृष्ण मेननही होते. हेच कृष्ण मेनन पुढे १९५७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले आणि भारताचे संरक्षणमंत्री झाले. गांधीजी तेव्हा पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. एलनबाई त्यांना भेटल्या. गांधीजींना बाजूला ठेवून हिंदुस्थानचा प्रश्न सुटणार नाही, असे त्यांचे मत झाले. इंग्लंडला परत गेल्यावर या मंडळींनी इथल्या दडपशाहीचा अहवाल छापला.

राज्य त्यांच्या देशाचे आणि दोषही त्यांच्याच सरकारचा. तो लपवला असता तर कोण विचारणार होते? पण जे पाहिले ते त्यांनी लिहिले.

४. जॅरो गावाची पदयात्रा

आता पाठातला मुख्य भाग आला. तो सावकाश वाचा.

इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नावाची नदी आहे. तिच्या काठी जॅरो गाव आहे. गावात जहाजे बांधण्याचा एक मोठा कारखाना होता. साऱ्या गावाची चूल त्यावर पेटत होती. पण १९३० नंतर जगभर मंदी आली. मंदी म्हणजे मालाला गिऱ्हाईक नाही आणि माणसाला काम नाही. जहाजांना मागणी राहिली नाही. मग जहाजवाल्या मोठ्या मालकांनी मिळून एक कंपनी काढली. ती कंपनी अडचणीतले कारखाने विकत घेई आणि बंद करी, म्हणजे उरलेल्यांचा धंदा नीट चालावा. जॅरोचा कारखाना १९३४ मध्ये असाच विकत घेतला गेला. पुढची चाळीस वर्षे तिथे जहाज बांधायचे नाही, असा नियम ठरला.

विचार करा, मंडळी. गावात एकच विहीर आणि तीच कोणी बुजवून टाकली! गावातले दहातले सातहून अधिक कामगार बेकार झाले. कामाची सवय असलेले हात दिवसभर खिशात घालून माणसे कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहत.

१९३५ मध्ये एलनबाई याच जॅरोहून पार्लमेंटात निवडून गेल्या. गावाला नवा पोलादाचा कारखाना मिळावा म्हणून खटपट झाली. तीही फसली. सरकारकडे गेले तर जॅरोने आपले आपण पाहावे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले.

मग गावाने ठरवले. लंडनला चालत जायचे आणि पार्लमेंटापुढे अर्ज ठेवायचा. अर्जात भीक मागितली नव्हती. आमच्या गावाला काम द्या, एवढेच मागणे होते. गावातल्या अकरा हजारांवर माणसांनी त्यावर सह्या केल्या. सह्यांचे कागद ओक लाकडाच्या एका पेटीत ठेवले.

हजारावर लोकांनी चालण्यासाठी नावे दिली. डॉक्टरांनी तपासून त्यांतले २०० निवडले. ५ ऑक्टोबर १९३६ रोजी पदयात्रा निघाली. अंतर सुमारे तीनशे मैल, म्हणजे साडेचारशे किलोमीटरांहून जास्त. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या आपल्या वारीच्या जवळजवळ दुप्पट वाट! रोज चालायचे, रात्री मुक्काम करायचा, सकाळी पुन्हा चालायचे. पुढे गावाचा फलक, मध्ये पेटी आणि सोबत तोंडाने वाजवायच्या बाजाचा ताफा.

शिस्त अशी की दारू पिऊन दंगा नाही आणि कोणाशी भांडण नाही. सगळ्या पक्षांच्या लोकांचा पाठिंबा घ्यायचा. कोणा एका पक्षाचा झेंडा मिरवायचा नाही. गाव मुद्दाम असे वागले. पोट सगळ्यांचे सारखे असते, त्याला पक्ष नसतो, हे गावाला कळले होते.

वाटेत लोकांनी माया केली. लेस्टर शहरात चांभारकाम करणाऱ्या कामगारांनी रात्रभर बसून या लोकांचे फाटके बूट दुरुस्त केले आणि एक पैसा घेतला नाही. बार्न्सली गावात आंघोळीला गरम पाणी मिळाले. एका माणसाची आठवण सांगतात. त्याला जेवणात पावात घातलेले मांस मिळाले. त्याने पाव खाल्ला आणि मांस काढून पाकिटात घातले. घरी बायकापोरांना पाठवायचे होते. त्यांनी कित्येक आठवड्यांत मांस पाहिले नव्हते.

एलनबाईंना लहानपणापासून छातीचा विकार. तरीही जमेल तितकी वाट त्या स्वतः चालल्या. मध्येच त्यांच्या पक्षाची परिषद होती, तिथेही गेल्या. पण त्यांच्याच पक्षाचे पुढारी नाराज होते. उपाशी माणसांना एवढे चालवणे बरे नव्हे, असे त्यांना ऐकून घ्यावे लागले. बाई ऐकून घेऊन परत आल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

३१ ऑक्टोबरला मंडळी लंडनला पोहोचली. ४ नोव्हेंबरला एलनबाईंनी पेटी पार्लमेंटात सादर केली. मुख्य प्रधान बॉल्डविन यांनी या लोकांना भेटायचे आधीच नाकारले होते. सभेत थोडा वेळ बोलणे झाले. मंत्र्यांनी सांगितले, जॅरोची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे. संपले! माणसे आगगाडीने घरी परतली. घरी आल्यावर कळले की त्यांचा बेकारीचा भत्ताही कापला आहे. का? तर चालत होते त्या दिवसांत काम आले असते तर ते हजर नव्हते म्हणून!

५. मग उपयोग काय झाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. यायलाच पाहिजे. आम्ही खोटे सांगणार नाही. पदयात्रेने जॅरोला लगेच काम मिळाले नाही. १९३८-३९ मध्ये काही लहान उद्योग आले. खरे काम आले ते दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर.

पण एक गोष्ट झाली. बेकार म्हणजे आळशी, असे सुखवस्तू लोक समजत. त्यांनी आपल्या दारावरून दोनशे माणसे शिस्तीने चालत जाताना पाहिली. वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये निवडणूक झाली, तेव्हा पुन्हा तशी बेकारी नको, असे लोकांनी मतपेटीतून सांगितले आणि मजूर पक्षाला मोठे बहुमत दिले. पेरले त्याच दिवशी उगवत नाही. म्हणून पेरू नये असे नाही.

६. हप्त्याचा कायदा

आता सहीतला धोका पाहू.

त्या काळी इंग्लंडात गरीब लोक खाटा-टेबले, शिलाई मशीन अशा वस्तू हप्त्याने घेत. दुकानदार कागद पुढे करी. गिऱ्हाईक न वाचता सही करी. पुढे बहुतेक हप्ते भरून होत. एखादा हप्ता चुकला की दुकानाची माणसे येत आणि वस्तू उचलून नेत. वस्तूही गेली, भरलेले पैसेही गेले. तीच वस्तू दुसऱ्याला विकायला दुकानदार मोकळा! काही दुकानदारांचा हा धंदाच झाला होता.

एलनबाईंनी यावर कायद्याचा मसुदा मांडला. त्या तेव्हा मंत्री नव्हत्या, साध्या सभासद होत्या. तरी सर्व पक्षांना पटवून १९३८ मध्ये तो कायदा त्यांनी मंजूर करून घेतला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

पहिली, वस्तूची रोखीची किंमत किती, हे गिऱ्हाइकाला आधी लेखी सांगायचे.

दुसरी, करार लेखी पाहिजे आणि त्याची प्रत गिऱ्हाइकाला मिळाली पाहिजे.

तिसरी, एकूण किमतीचा तिसरा हिस्सा भरून झाला असेल तर कोर्टाच्या हुकुमाशिवाय वस्तू उचलून नेता येणार नाही.

उदाहरण घेऊ. शिलाई मशीन हप्त्याने ९,००० रुपयांना पडले. हप्ता ५०० रुपये. सहा हप्ते भरले म्हणजे ३,००० रुपये झाले, तिसरा हिस्सा झाला. मग दुकानदाराला दांडगाई करता येणार नाही. त्याने कोर्टात जावे.

हा इंग्लंडमधला कायदा आहे. आपल्याकडचे नियम वेगळे. पण यातले शहाणपण आपल्यालाही लागू आहे. मोटारसायकल असो की मोबाईल, सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. रोखीने किंमत किती? सगळे हप्ते मिळून किती? हप्ता चुकला तर काय? आणि कागदाची प्रत मागून घ्या. कोणी म्हणेल, ‘दादा, वाचायला काय आहे त्यात, नुसती सही करा.’ त्याला सांगा, ‘आम्ही वाचायला शिकलो ते याच्याचसाठी.’

७. शिक्षणमंत्री

युद्धाच्या काळात एलनबाई सरकारात होत्या. लंडनवर बाँब पडत होते. लोकांना आसरे मिळवून देण्याचे काम त्यांच्याकडे होते. रात्री-अपरात्री त्या आसऱ्यांतून फिरत आणि लोकांची विचारपूस करीत.

१९४५ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले आणि एलनबाई शिक्षणमंत्री झाल्या. ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या त्या दुसऱ्या बाई. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनला अनेक देशांची परिषद भरली आणि तिथे युनेस्को ही शिक्षणाचे काम करणारी जागतिक संस्था निघाली. त्या परिषदेच्या अध्यक्ष एलनबाईच होत्या. याच युनेस्कोने पुढे ८ सप्टेंबर हा साक्षरता दिन ठरवला. तो आपणही पाळतो. म्हणजे बाईंचा आणि आपल्या वर्गाचा असाही धागा आहे.

१९४६ मध्ये शाळेतल्या प्रत्येक मुलाला रोज फुकट दूध मिळू लागले. आपल्या शाळेत पोरांना दुपारी जेवण मिळते, तशीच ही सोय. उपाशी पोटी पाढे पाठ होत नाहीत, हे कोणत्याही मास्तराला विचारा.

पण त्यांचे मोठे काम दुसरेच. तेव्हा इंग्लंडात मुलांना चौदा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. ती पंधरापर्यंत न्यायची, असे १९४४ च्या कायद्यात ठरले होते. तारीख होती १ एप्रिल १९४७. पण युद्धाने देश खंक झालेला. शाळांच्या इमारती पडलेल्या. लाकूड नाही, लोखंड नाही, शिक्षक नाहीत. मंत्रिमंडळातले लोक म्हणू लागले, हे पुढे ढकलू.

एलनबाई हटल्या नाहीत. त्यांचे म्हणणे सरळ होते. पैसेवाल्यांची मुले तशीही शिकणारच. ढकलले तर नुकसान होईल ते मजुरांच्या मुलांचे. बाईंनी साध्या, झटपट उभारायच्या वर्गखोल्या बांधायला काढल्या. सैन्यातून परतलेल्या माणसांना एका वर्षात शिक्षक करण्याचे वर्ग चालवले. जानेवारी १९४७ मध्ये मंत्रिमंडळात पुन्हा वाद झाला आणि बाईंनी तो जिंकला.

त्यांचे सगळेच सर्वांना पटले असे नाही. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत घालायची पद्धत त्यांनी चालू ठेवली. त्यांच्याच पक्षातले काही लोक त्यावर रागावले. इतक्या लहान वयात मुलाची लायकी ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे. आम्हालाही ते बरोबर वाटते. माणूस मोठा असला म्हणजे त्याचे सगळेच बरोबर असते, असे नाही.

त्या वर्षी इंग्लंडात हिवाळा फार कडक पडला. बाईंचा छातीचा विकार बळावला. औषधही चुकून जास्त घेतले गेले, असे चौकशीत ठरले. ६ फेब्रुवारी १९४७ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्या वारल्या.

दोन महिन्यांनी १ एप्रिल उजाडला. ठरल्याप्रमाणे कायदा अमलात आला. शाळा सोडून कामाला जाणारी लाखो मुले आणखी एक वर्ष बाकावर बसली. त्यांतल्या कित्येकांना बाईंचे नावही ठाऊक नसेल.

एक वर्ष म्हणजे काय मोठेसे, असे कोणाला वाटेल. ज्यांना लहानपणी एकही वर्ष मिळाले नाही आणि ज्यांनी मोठेपणी रात्री दिव्यापाशी बसून अक्षरे गिरवली, त्यांना मात्र हे सांगायला नको.

विचार करा आणि लिहा

१. एलन आजारी असताना घरी काय शिकली?
२. जॅरो गावचा कारखाना का बंद झाला?
३. पदयात्रेत एकाच पक्षाचा झेंडा का नव्हता?
४. हप्त्याने वस्तू घेताना कोणत्या तीन गोष्टी विचाराव्यात?
५. शाळेचे वय वाढवणे पुढे ढकलले असते तर नुकसान कोणाचे झाले असते?

हे करा

आपल्या गावाची एक अडचण निवडा. पाण्याची, रस्त्याची किंवा शाळेच्या गळक्या छपराची. तिच्याविषयी ग्रामपंचायतीला पाच ओळींचा अर्ज लिहा. वर तारीख घाला. अर्ज सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा. पटला तरच प्रत्येकाने खाली सही करावी. एक प्रत आपल्याजवळ ठेवा.